फोडी आणि रस्सा एकदम सारखे कसे तापवायचे: ओहमिक हीटिंगची पहिली ट्रायल घेणाऱ्यांसाठी

फूड टेकचं शिक्षण झालंय, किंवा घरचं कॅनिंग युनिट आहे, किंवा रेडी-टू-ईट भाज्या पाउचमध्ये भरायच्या डोक्यात आहेत आणि कुणीतरी सांगितलंय की "अरे ते विजेने आतून तापवतात ना, ते बघ", अशा मंडळींसाठी हे लिहितोय. मशीन विकणारे सगळं सोपं करून सांगतात आणि रिसर्च पेपर वाचायला घेतला तर दुसऱ्या पानावर समीकरणं सुरू होतात, मधलं कुणी सांगत नाही. ते मधलंच सांगायचा प्रयत्न आहे.

आधी अडचण काय आहे ती नीट समजून घ्या. नुसता रस, दूध, आंब्याचा पल्प हे तापवणं सोपं, कारण हीट एक्स्चेंजरमधून पातळ पदार्थ फिरत राहतो आणि सगळीकडे उष्णता पोचते. पण त्यात फोडी आल्या की उष्णता आधी भांड्याच्या भिंतीतून रश्श्यात जाते, रश्श्यातून फोडीच्या बाहेरच्या अंगाला आणि तिथून रांगत रांगत मध्यापर्यंत. हा शेवटचा प्रवास फार हळू असतो, आणि फोडीचा आकार दुप्पट केला तर वेळ दुप्पट नाही तर जवळजवळ चौपट लागतो. म्हणजे १० मिलिमीटरच्या फोडीला जे जमलं ते २० मिलिमीटरला जमेलच असं नाही. मग फोडीचा मध्य सुरक्षित तापमानाला पोचेपर्यंत आपण रस्सा शिजवत बसतो, रंग जातो, वास जातो, फोडीच्या कडा गळून लगदा होतो. रिटॉर्टमधल्या (म्हणजे सीलबंद डबे-पाउच वाफेच्या दाबाखाली शिजवायच्या मोठ्या कुकरमधल्या) भाजीला जी एक ठरावीक "डब्याची चव" येते तिचं मोठं कारण हेच.

ओहमिक हीटिंगमध्ये पदार्थातूनच करंट सोडतात. पदार्थ स्वतःच रेझिस्टन्स, तोच हीटर. कुठली गरम भिंत नाही, बाहेरून आत जाणारी उष्णता नाही, फोड आणि रस्सा दोघांच्या आत एकाच वेळी उष्णता तयार होते. ही कल्पना नवी मुळीच नाही, अमेरिकेत १९२०-३० च्या दशकांत दूध पाश्चराइझ करायला अशी यंत्रं चालायची, मग ती मागे पडली आणि १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये खास फोडीवाल्या पदार्थांसाठी पुन्हा आणली गेली. जपानमध्ये पांको नावाचा जो पांढरा ब्रेडचा चुरा मिळतो ना, त्याचा बिनकडेचा पाव दोन इलेक्ट्रोडच्या मधे करंट सोडून भाजतात, म्हणून त्याला तपकिरी साल येतच नाही.

आता मुद्द्याचं, आणि ह्यासाठीच हा लेख. मशीन घेतलं म्हणजे सारखं तापेल असं नाही. सारखं तापणं हे रेसिपीत ठरतं, मशीनमध्ये नाही. फोडीची आणि रश्श्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) एकमेकांच्या जवळ आली तर दोघं बरोबर तापतात, नाही आली तर एक मागे राहतं आणि नेमकं कोण मागे राहिलं ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमध्ये मशीन बऱ्याच उशिरा येईल, आणि तसंच हवं.

काहीही सुरू करायच्या आधी

घरच्या प्लगमधून वायरी काढून दोन स्टीलच्या पट्ट्या भांड्यात बुडवून "करून बघू" असं अजिबात करू नका. २३० व्होल्ट, ओला ओटा, खारट रस्सा, हे माणूस मरण्याचं कॉम्बिनेशन आहे. ट्रायल पायलट प्लांटमध्ये किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच), झाकण उघडलं की करंट आपोआप बंद करणारा इंटरलॉक आणि शेजारी इलेक्ट्रिकलचा जाणकार माणूस, एवढं असेल तरच. माटुंग्याचं आयसीटी, म्हैसूरचं सीएफटीआरआय, तंजावरचं निफ्टेम, अशा ठिकाणी फूड इंजिनीअरिंगची माणसं आहेत, त्यांना मेल करा, काय सोय आहे आणि बाहेरच्यांना कशी मिळते ते सरळ विचारा. खालचं मोजमापाचं काम मात्र लो-व्होल्टेजवर होतं, ते तुम्ही आधीच करून जाऊ शकता आणि तसं केलं तर समोरचा माणूसही तुम्हाला सिरियसली घेतो.

पायरी १: पदार्थाचा पीएच

हे पहिलं, कारण ह्याच्यावर पुढचं सगळं अवलंबून. पीएच ४.६ च्या खाली असेल (आंबा, स्ट्रॉबेरी, अननस, टोमॅटो बहुतेक वेळा) तर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी सुप्त रूपं, त्यात वाढत नाहीत आणि काम साधारण ९०-९५ अंशांवर भागतं. पीएच ४.६ च्या वर असेल, म्हणजे बटाटा, वाटाणा, पनीर, चिकन, डाळ, तर १२१ अंशांचा हिशोब आला. त्याला १२१.१ अंशांवर निदान ३ मिनिटांइतका परिणाम लागतो आणि तो सगळ्यात थंड फोडीच्या मध्यभागी लागतो, रश्श्यात नाही.

नवख्या माणसाने पहिली ट्रायल आंबट पदार्थावरच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. हापूसच्या पल्पमध्ये हापूसच्याच फोडी, किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे तुकडे पाकात, दह्यात आणि आइस्क्रीममध्ये घालायला जे फ्रूट प्रिपरेशन लागतं ते. गल्लत झाली तर माल फसफसतो, वाया जातो, पण बोट्युलिझमची भीती नसते. आणि हो, पीएच मोजताना फोड मिक्सरमधून काढून वेगळा मोजा. नुसता पाक आंबट असून चालत नाही, फोडीचा गाभासुद्धा ४.६ च्या खाली पाहिजे. हापूस फार पिकला की आंबटपणा उतरतो, म्हणून दर बॅचला मोजायचं, सीझनच्या सुरुवातीला एकदा मोजून वहीत लिहून ठेवलं असं नको.

पायरी २: कंडक्टिव्हिटी मोजा, फोडीची वेगळी, रश्श्याची वेगळी

रश्श्यासाठी साधा कंडक्टिव्हिटी मीटर चालतो. फोडीसाठी थोडी खटपट आहे. बोअररने फोडीतून सरळ दंडगोल कापा, समजा व्यास २० मिलिमीटर आणि लांबी २० मिलिमीटर, दोन सपाट स्टीलच्या चकत्यांमध्ये नीट चिकटेल असा धरा आणि एलसीआर मीटरने (एसीवर मोजणाऱ्या) रेझिस्टन्स घ्या. साध्या मल्टिमीटरने घेऊ नका, तो डीसी देतो आणि चकत्यांजवळच पोलरायझेशन होऊन (भार साचून) आकडा भलताच येतो. मग लांबीला (मीटरमध्ये) रेझिस्टन्स गुणिले क्षेत्रफळ (चौरस मीटरमध्ये) ह्याने भागा. वरच्या मापाच्या कच्च्या बटाट्याला साधारण १६०० ओहम आले तर कंडक्टिव्हिटी होते ०.०४ सीमेन्स पर मीटर. शक्य असेल तर मशीन ज्या फ्रीक्वेन्सीवर चालणार त्याच फ्रीक्वेन्सीवर मोजा, कारण कच्च्या भाजीच्या पेशींची आवरणं कमी फ्रीक्वेन्सीला करंट अडवतात आणि जास्त फ्रीक्वेन्सीला जाऊ देतात, म्हणजे तीच फोड दोन वेगळे आकडे दाखवते.

आता तुलना बघा. १ टक्का मिठाचं पाणी २५ अंशांवर साधारण १.७ सीमेन्स पर मीटर दाखवतं. म्हणजे खारट रस्सा कच्च्या बटाट्यापेक्षा चाळीसपट चांगला वाहक! ह्यात करंट सोडला तर काय होईल? गावाला बायपास झाला की गाड्या गावातून जातच नाहीत, तसा करंट बटाट्याला वळसा घालून रश्श्यातून निघून जातो. रस्सा उकळायला आला, फोड आतून कोमट. हे व्होल्टेज वाढवून सुटत नाही, उलट वाढतं.

मोजमाप नुसतं २५ अंशांवर करून थांबू नका, ४०, ६०, ८० ला पण घ्या. मिठाच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी सरळ रेषेत वाढत जाते. भाजी-फळाचं तसं नाही, ६०-७० अंशांच्या आसपास पेशींची आवरणं फुटतात आणि कंडक्टिव्हिटी एकदम उडी मारते, पुढे स्टार्च फुलताना परत वागणं बदलतं. हा आलेख तुमच्या हातात असला की अर्धं काम झालं.

पायरी ३: दोघांना जवळ आणा

इथे वेळ घाला. खरी कारागिरी इथेच आहे आणि इथे वाचवलेला आठवडा पुढे महिन्यांनी फेडावा लागतो.

पहिला उपाय, मीठ रश्श्यातून काढून फोडीत घाला. फोडी मिठाच्या पाण्यात ब्लांच करा (गरम पाण्यात थोडा वेळ वाफळून काढा), म्हणजे पेशी उघडतात, मीठ आत जातं, कंडक्टिव्हिटी वाढते, आणि रश्श्यात मीठ कमी ठेवा. पाउच पंधरा दिवस पडून राहिला की चव आपोआप सारखी होते, एकूण मीठ तेवढंच. फक्त ब्लांच केल्यावर फोडी लगेच वापरा नाहीतर रश्श्यात पडून सगळा फरक निघून जातो, म्हणजे मिक्सिंग टँकमध्ये फोडी किती वेळ पडून असतात हा पण प्रोसेसचा भाग झाला, तो वेळ ठरवा आणि पाळा.

दुसरं, हवा. स्ट्रॉबेरी, सफरचंद ह्यांच्या आत भरपूर हवा असते आणि हवेतून करंट जात नाही. व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढायची आणि पाक आत शिरू द्यायचा. ह्याच पाकात कॅल्शियम लॅक्टेट घातलं तर पेक्टिनला बांधून फोड टणक राहते आणि कंडक्टिव्हिटीही थोडी वाढते, एकात दोन कामं. किती घालायचं त्याची मर्यादा नियमात बघून घ्या.

साखर उलट काम करते. पाक जितका घट्ट तितका करंट कमी, म्हणजे फ्रूट प्रिपरेशनमध्ये प्रश्न उलटा येऊ शकतो आणि फोड पाकापेक्षा जास्त तापते. तसं झालं तर पाकात थोडं सोडियम सायट्रेट टाकून सावरता येतं, पण त्याने पीएच वर सरकतो, म्हणून घातल्यावर पहिली पायरी पुन्हा करायची.

तिसरं, फोडींचं प्रमाण. थोड्याच फोडी पोहत असतील तर करंट वळसा घालतो, पण फोडी गच्च भरल्या, निम्म्याहून जास्त, तर वळसा घालायला जागाच उरत नाही आणि करंटला फोडीतूनच जावं लागतं, मग कमी वाहक फोडसुद्धा चांगली तापते, कधीकधी रश्श्याच्या पुढे जाते. म्हणून हे तंत्र दाट, फोडींनी भरलेल्या पदार्थाला जास्त शोभतं, पातळ सूपमध्ये चार वाटाणे ह्याला नाही.

आकार पण बघा. चौकोनी फोडी ठेवा. लांब काप करंटच्या दिशेला समांतर राहिला तर कमी वाहक काप मागे पडतो, आडवा राहिला तर तोच काप पुढे जातो, आणि पाइपमध्ये कोण कसा फिरेल ते तुमच्या हातात नाही. २५ मिलिमीटरपर्यंतच्या फोडी ह्या पद्धतीने झालेल्या आहेत, पण सुरुवात १०-१२ पासून करा.

आणि तेल! आपल्या पदार्थांचा हा मोठा प्रश्न आहे, परदेशी मॅन्युअलमध्ये ह्यावर फार सापडणार नाही. तेलातून करंट जात नाही. तर्री वर तरंगते, इलेक्ट्रोडला चिकटते, खोबऱ्याच्या वाटणाचे गठ्ठे, काजूचे तुकडे हे सगळे आतून थंड राहू शकतात, शिवाय तेलात अडकलेले बीजाणू पाण्यातल्यापेक्षा जास्त उष्णता सहन करतात. वाटण अगदी बारीक, तेल रश्श्यात नीट मिसळलेलं आणि थोडा स्टार्च घालून दाटपणा दिलेला, म्हणजे फोडी खाली बसत नाहीत आणि तेल वेगळं होत नाही. हाड असलेलं मटण-चिकन ह्या पद्धतीला घेऊच नका, हाड तापत नाही.

पायरी ४: छोट्या सेलमध्ये ट्रायल

आता लॅबमध्ये या. समजा सेल असा आहे: इलेक्ट्रोडमध्ये अंतर १० सेंटिमीटर, इलेक्ट्रोड ५ बाय ५ सेंटिमीटर, आत साधारण २५० ग्रॅम माल. १०० व्होल्ट दिले आणि १ अँपिअर करंट गेला तर मिश्रणाची कंडक्टिव्हिटी ०.४ सीमेन्स पर मीटर, पॉवर १०० वॅट, आणि तापमान मिनिटाला साधारण ६ अंशांनी चढेल. व्होल्टेज दुप्पट केलं तर पॉवर चौपट, म्हणजे मिनिटाला २५ अंश. वर तापता तापता कंडक्टिव्हिटी वाढते म्हणून करंटही वाढत जातो, ७५ अंशांना तो सुरुवातीच्या दुप्पट असू शकतो. पॉवर सप्लाय निवडताना थंड मालाचा करंट धरला तर शेवटच्या टप्प्यात तो ट्रिप होणार, म्हणून गरम टोकाचा आकडा धरा.

तापमान कुठे मोजायचं? निदान तीन ठिकाणी: रश्श्यात, मधल्या एका फोडीच्या गाभ्यात, आणि कोपऱ्यातल्या, इलेक्ट्रोडपासून लांबच्या फोडीत. टेफ्लॉनचं आवरण असलेले थर्मोकपल किंवा फायबर ऑप्टिक सेन्सर वापरा, उघडा धातूचा सेन्सर स्वतःच करंट ओढतो आणि खोटं तापमान दाखवतो. मुद्दाम वाईट परिस्थिती पण करून बघा, म्हणजे एकच कच्ची फोड बाकी ब्लांच केलेल्या फोडींत टाका, एक मोठी फोड टाका, एक तेलकट टाका. प्लांटमध्ये असं होणारच आहे, तेव्हा कोण मागे राहतं ते आत्ताच कळू दे. फोड आणि रस्सा ह्यांच्यात ४-५ अंशांपेक्षा जास्त फरक दिसत असेल तर मी पुढे जाणार नाही, परत पायरी ३.

इलेक्ट्रोडवर बारीक बुडबुडे दिसले तर थांबा. एकतर तिथे स्थानिक उकळी आहे, नाहीतर इलेक्ट्रोलिसिस होतंय. ५० हर्ट्झवर स्टीलचे इलेक्ट्रोड झिजतात आणि धातू पदार्थात उतरू शकतो, म्हणून टायटॅनियम किंवा प्लॅटिनमचा थर दिलेलं टायटॅनियम आणि किलोहर्ट्झमधली फ्रीक्वेन्सी वापरतात. स्वस्तातलं ५० हर्ट्झ मशीन कुणी देत असेल तर इलेक्ट्रोड कशाचे आहेत आणि पदार्थात धातू किती उतरतो ह्याचा लॅब रिपोर्ट मागा, नसेल तर नाही म्हणा.

पायरी ५: चालू लाइनचा हिशोब

तासाला १०० किलो माल २५ वरून ९५ अंशांना न्यायचा तर साधारण साडेसात किलोवॅट लागतात, नुकसान धरून ८ च्या पुढे धरा. वीज जवळजवळ सगळी मालातच उतरते, बॉयलर-स्टीमसारखी वाटेत वाया जात नाही, पण थ्री फेज कनेक्शन आणि भारनियमनाला जनरेटर दोन्ही लागणार. मधेच वीज गेली तर त्या क्षणी पाइपमध्ये असलेला माल कच्चा धरून मागे वळवायचा, ह्याचा व्हॉल्व्ह आधीपासून बसवलेला हवा.

पंप मोनो किंवा लोब घ्या, सेंट्रिफ्यूगल पंपात फोडींचा चुरा होतो.

होल्डिंग ट्यूबमध्ये, म्हणजे तापलेला माल ठरावीक वेळ गरम राहतो त्या पाइपमध्ये, बहुतेक नवखे फसतात. दाट माल संथ वाहतो तेव्हा पाइपच्या मधोमध वेग सरासरीच्या दुप्पट असतो, आणि मधून पळालेल्या फोडीला निम्माच वेळ मिळतो. तासाला १०० लिटर, पाइपचा आतला व्यास ५० मिलिमीटर, तर सरासरी वेग सेकंदाला १.४ सेंटिमीटर, पण हिशोब २.८ ने करा. ६० सेकंद थांबायला हवं तर पाइप निदान १.७ मीटर. ट्यूबला वरच्या दिशेला थोडा चढ द्या म्हणजे हवा साठत नाही. १०० अंशांच्या वर जायचं असेल तर पाणी उकळू नये म्हणून बॅक प्रेशर लागतं, १२१ अंशांना नुसतं उकळी थांबवायलाच १ बारच्या थोडं वर गेज प्रेशर (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) लागतं, प्रत्यक्षात त्याहून बरंच वर ठेवतात.

लो-ॲसिड, म्हणजे पीएच ४.६ च्या वरच्या, पदार्थात ह्या पद्धतीचा खरा फायदा दिसतो तो असा. १२१ अंशांच्या ३ मिनिटांचं काम १३१ अंशांवर १८ सेकंदांत होतं, १४० अंशांवर दोन-अडीच सेकंदांत. जंतू तापमान वाढल्यावर फार झपाट्याने मरतात, रंग आणि चव त्या मानाने सावकाश खराब होतात, म्हणून उंच तापमान आणि थोडा वेळ हे फोडीच्या भल्याचं. रिटॉर्टमध्ये फोडीचा मध्य इतक्या लवकर तिथे पोचूच शकत नाही, इथे पोचतो. पण मग थंड करायला आपल्याकडे विजेसारखा उपाय नाही, फोड आतून थंड व्हायला वेळ घेतेच, तो वेळ पोत बघताना धरा.

मायक्रोवेव्ह आणि आरएफचं (रेडिओ लहरींनी तापवण्याचं) काय?

विचारणारे बरेच असतात म्हणून थोडक्यात. पाउच आधी भरून सील केलाय आणि मग तापवायचंय तर ओहमिक तिथे फारसं कामाचं नाही, इलेक्ट्रोड मालाला टेकायला लागतात. तिथे मायक्रोवेव्ह. घरातला २४५० मेगाहर्ट्झचा ओव्हन पाणीदार पदार्थात एक-दोन सेंटिमीटरच आत जातो, मीठ जास्त असेल तर त्याहून कमी, म्हणून कडा उकळतात आणि मध्य गार. ९१५ मेगाहर्ट्झ जास्त खोल जातो आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत पाउच गरम पाण्यात बुडवून वरून ९१५ चा मायक्रोवेव्ह देण्याची पद्धत तयार झाली, २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ती मॅश्ड पोटॅटोसाठी स्वीकारली. नॉर्थ कॅरोलायनात रताळ्याचा गर पाइपमधून वाहता ठेवून मायक्रोवेव्हने निर्जंतुक करतात. फक्त ९१५ हा बँड औद्योगिक वापरासाठी मुख्यतः अमेरिका खंडात राखलेला आहे, तेव्हा मशीन आयात करायच्या आधी वायरलेस परवान्याची चौकशी करा. आरएफ, म्हणजे २७.१२ मेगाहर्ट्झ वगैरे, आणखी खोल जातं आणि गोठलेल्या मांसाचे मोठे ठोकळे सैल करायला, बिस्किटांचा उरलेला ओलावा काढायला उत्तम, पण रस्सा-फोडींच्या पहिल्या प्रोजेक्टला मी ते सुचवणार नाही.

पायरी ६: सिद्ध करा, मग विका

थर्मोकपलचे आकडे चालू लाइनमध्ये पुरेसे नाहीत कारण धावत्या फोडीत वायर घालता येत नाही. अल्जिनेटच्या जेलमध्ये उष्णता सोसणारे, निरुपद्रवी जंतूंचे बीजाणू अडकवून फोडीच्याच आकाराचे ठोकळे करतात, ते मालासोबत सोडतात, शेवटी पकडून किती जिवंत राहिले ते मोजतात. ठोकळ्याची कंडक्टिव्हिटी खऱ्या फोडीएवढीच असली पाहिजे, नाहीतर चाचणी दुसऱ्याच पदार्थाची झाली. हे काम मायक्रोबायोलॉजीच्या अनुभवी लॅबकडूनच करून घ्या आणि लो-ॲसिड माल असेल तर प्रोसेस ठरवण्याचा अधिकार असलेल्या तज्ज्ञाच्या सहीशिवाय एकही पाउच बाहेर देऊ नका, नातेवाइकांनाही नाही. एफएसएसएआयकडे नवी प्रक्रिया म्हणून वेगळी मंजुरी लागेल का हे लायसन्सचा अर्ज भरायच्या आधी लेखी विचारा.

रोजच्या चालवण्यात वहीत ह्या गोष्टी हव्यात: बॅचचा पीएच, फोडीची आणि रश्श्याची कंडक्टिव्हिटी, मिक्स करून किती वेळ झाला, व्होल्टेज, करंट, ट्यूबमधून बाहेर पडतानाचं तापमान, फ्लो. करंटवर खास लक्ष ठेवा. रेसिपी तीच, व्होल्टेज तेच आणि करंट रोजच्यापेक्षा वेगळा, तर मालात काहीतरी बदललंय, मीठ चुकलंय, फोडी कच्च्या आल्यात, नाहीतर इलेक्ट्रोडवर थर बसलाय. गरम भिंत नसल्यामुळे करपणं कमी, पण दूध, अंडं, डाळ ह्यांसारखी प्रथिनं इलेक्ट्रोडवर बसतातच. शिफ्ट संपली की कॉस्टिक, पाणी, ॲसिड, पाणी असं सीआयपी (मशीन न उघडता आतून धुणं) करायचं आणि आठवड्यातून एकदा मेन स्विच बंद करून, कुलूप लावून, चावी स्वतःच्या खिशात ठेवून इलेक्ट्रोड उघडून डोळ्यांनी बघायचे.